माहेर हद्दीत आलं

माहेरच्या नळाच्या पाण्याला आज ब्लीचिंगचा वास आला आणि नगरपालिकेतली ती जुनी सभा आठवली. पालिका नवी होती, मीही नवीच नगरसेविका. शेजारचं गाव हद्दीत घ्यायचा ठराव होता, आणि ते माझं माहेर. विरोधाला आलेल्या गावकऱ्यांत वडीलच पुढं होते.

"तू सासरी गेलीस," ते म्हणाले, "आता गावालाबी सासरी न्यायलीस का?"

सभागृह हसलं. गावात प्यायला धड पाणी नव्हतं, म्हणून मी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. ठराव मंजूर झाला.

बाहेर वडील मोटारसायकलजवळ थांबले होते. "बस मागं. तुझी माय जेवायची थांबली हाय."

तेव्हा वाटेत मला वाटलं, ते रागात आहेत. आता वाटतं, हद्दीचं भांडण त्यांनी सभागृहातच ठेवलं होतं. घरी त्यांनी फक्त लेक नेली.