नंबरआक्कांचं बोट

आमच्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर. एक माझं आणि एक, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत, नंबरआक्कांचं. मधल्या चार पावलांच्या जागेत त्यांच्या दोन कुंड्या आणि माझे दोन कान, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मला राग यायचा नाही. खरं बोलणाऱ्या माणसावर किती रागावणार? आता त्या दारामागे एक नवं जोडपं राहतं. सज्जन आहेत. कधी भांडत नाहीत, कधी आवाज चढवत नाहीत. संध्याकाळ कशी काढायची, असा प्रश्न पडतो.

आक्कांनी मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. मी तिथे दोनदा गेलो होतो, काम नसताना. भिंतभर लाकडी बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर वाटाण्याएवढा दिवा. समोर पितळी टोकाच्या वायरी. दिवा लागला की एक वायर त्याखालच्या भोकात खुपसायची, खटका पुढे करून "नंबर सांगा" म्हणायचं आणि दुसरी वायर हव्या त्या वॉर्डाच्या भोकात घालायची. पलीकडून "हॅलो" आलं की खटका मागे, म्हणजे आपल्याला ऐकू येणं बंद. हे "नंबर सांगा" त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की एकदा दारावरची घंटा वाजली तर त्या आतून तेच म्हणाल्या आणि बाहेरच्या नव्या पोस्टमनने घाबरून आपला बिल्ला क्रमांक सांगितला. त्या दिवसापासून त्या नंबरआक्का. नाव मी ठेवलं नाही. फक्त पसरवलं.

तो खटका मागे घेणं ही खरी नोकरी. एक्सचेंजच्या मुख्य बाई पेन्सिल घेऊन मागे उभ्या असायच्या. दोन माणसं बोलायला लागल्यावर कुणाचं बोट खटक्यावर क्षणभर जरी रेंगाळलं, तरी पेन्सिल बोटाच्या पेरावर. "जोडून दिलं की बोट काढायचं. दुसऱ्याचं बोलणं आपलं नव्हे." विचार करा. अख्ख्या इस्पितळाच्या भानगडी या बाईच्या हाताखालून गेल्या आणि तिने एक वाक्य ऐकलं नाही! संधी कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे पाहून जीव तुटतो.

आक्कांनी लग्न केलं नव्हतं. सख्खं माणूस म्हणजे धाकटी बहीण. साठी उलटली तरी ती सगळ्यांची धाकटीच. दोन गल्ल्या पलीकडे, बेकरीच्या वरच्या खोल्यांत राहायची. रोज संध्याकाळी पाचला यायची, पाच वाजून दहा मिनिटांनी दोघींचं भांडण सुरू व्हायचं आणि सातला ती समाधानाने घरी जायची. मग तिच्या मुलाने लांबच्या शहरात घर घेतलं आणि आईला बोलावलं. कायमचं. दिवससुद्धा ठरला, सहा आठवड्यांनी येणारा रविवार.

त्या संध्याकाळी दोघी भांडल्या नाहीत. मी कुंडीला पाणी घालत होतो. त्यांच्याच.

"जायच्या आधी एकदा ते म्हण," आक्का म्हणाल्या.

'ते' म्हणजे त्यांच्या आईचं गाणं. आई गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणायची. साधी चाल, पण तिसऱ्या ओळीला एकदम वर चढणारी. धाकटीने ते आईकडून उचललं. गळा तिच्याकडे गेला. आक्कांच्या वाट्याला उपडी बादली आली, ठेका धरायला. पुढे धाकटीचा नवरा माउथ ऑर्गनवर सूर द्यायचा आणि ती गायची. रविवारी सकाळी बेकरीसमोरची रांग मुद्दाम हळू सरकायची. नवरा गेला आणि धाकटीने गाणं बंद केलं. अकरा वर्षं झाली होती.

"सूर कोण धरणार?" धाकटी म्हणाली. "तू? तुला बादली तरी कुठे नीट वाजवता यायची!"

"धरेन मी. तू गाशील का ते सांग."

"तू धर, मी गाते."

हे ती सहज बोलली, पण आक्कांनी ते पक्कं धरलं. दुसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या दारावरची सूचना वाचून त्या माझ्याकडे आल्या. ऑटोहार्प शिकण्याची कार्यशाळा, सहा शनिवार, सर्व पातळ्यांसाठी, वाद्य घरी न्यायला मिळेल.

"पातळी म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे ज्यांना येतं ते, ज्यांना थोडं येतं ते आणि तुम्ही."

"तू हमाल म्हणून चल," त्या म्हणाल्या. "नाही तरी मागून येणारच होतास."

ऑटोहार्प ही छातीशी उभी धरायची लाकडी पेटी. स्वरमंडळाची चुलत बहीण म्हणा. छत्तीस तारा, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीला एक बटण आणि पोटाखाली फेल्टचे तुकडे. बटण दाबलं की ते तुकडे नको असलेल्या तारांवर बसून त्यांची तोंडं बंद करतात. मोकळ्या राहतात त्या एकमेकींशी पटणाऱ्या. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात नखी घालून वरपासून खालपर्यंत एक फेर मारायचा, की सुरांचा अख्खा जथा एकदम.

"हा तर आमचा बोर्डच," आक्का खूश होऊन म्हणाल्या. "हव्या त्या लाइनी चालू, बाकीच्या बंद. यात शिकायचं काय?"

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चौदा माणसं गोल करून बसली होती. शिकवणारे हार्पमास्तर उंच, किडकिडीत आणि इतके हळू बोलणारे, की मलासुद्धा पुढे सरकून बसावं लागलं. त्यांची पद्धत मजेची होती. सगळ्यांना एकच गाणं. ज्यांना येतं त्यांनी पूर्ण चाल वाजवायची. मधल्यांनी तीन बटणांवर साथ करायची. नवशिक्यांना एकच बटण. आपली पाळी आली की ते दाबून फेर मारायचा, बाकी वेळ गप्प बसायचं. सगळ्यात वरच्या पातळीवर एक दातांचा डॉक्टर होता. तो डोळे मिटून वाजवायचा, समोरच्याने तोंड उघडावं म्हणून वाट बघत असल्यासारखा.

आक्कांची पाळी आली. त्यांनी बटण दाबलं, फेर मारला आणि छत्तीसच्या छत्तीस तारा एकदम बोंबलल्या. बाजारात बैल सुटावा तसं झालं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. पुन्हा बैल.

मास्तरांना वाटलं फेल्ट झिजलं असेल. पुढच्या शनिवारी नवं फेल्ट लावून आणलं. तरीही तेच. मग त्यांनी पेटी दातांच्या डॉक्टरांच्या हातात दिली, तर तीच पेटी लोण्यासारखी वाजली. आक्कांच्या हातात परत आली, की बैल. आठवडाभर समोरच्या दारातून तोच गलका. माझ्या बायकोने विचारलं, "आक्का भांडी पाडतायत का?" मी म्हटलं, "नाही, संगीत शिकतायत."

तिसऱ्या शनिवारी मास्तर खुर्ची ओढून आक्कांच्या समोर बसले आणि कानांनी नाही, डोळ्यांनी बघू लागले. चार वेळा बघितलं. मग म्हणाले, "आक्का, फेर सुरू झाला की तुम्ही बटणावरचं बोट उचलता."

"उचलते ना," आक्का म्हणाल्या. "जोडून दिलं की बोट काढायचंच असतं."

हॉलभर हशा पिकला. डॉक्टर सगळ्यात मोठ्याने हसला. मीही हसलो, ते मात्र आक्कांना दिसलं. त्यांनी पेटी खोळीत घातली, माझ्या हातात दिली आणि जिना उतरल्या. रस्ताभर त्या पुढे, मी मागे.

"अठ्ठावीस वर्षं बोट काढ म्हणून सांगितलं," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आता हे सांगतायत ठेवा. मी ठेवतेय रे. डोक्यात ठेवते. बोट ऐकत नाही."

"चिकटपट्टी लावू का?"

"तुझ्या तोंडाला लाव."

चौथ्या शनिवारी जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी धाकटी आली. तिने कोपऱ्यातली पेटी पाहिली, आक्कांचा चेहरा पाहिला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "राहू दे गं. एवढं काय त्यात? नाही गायलं तर नाही गायलं." टोमणा मारला असता तर आक्का पेटून उठल्या असत्या. तिने समजूत काढली, तेव्हा त्या घाबरल्या. शनिवारी चपला घालून माझ्या दारात आधी उभ्या.

हॉलमध्ये त्यांनी मास्तरांना सगळं सांगितलं. बोर्ड, खटका, पेन्सिल. यावेळी कुणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, "म्हणजे अठ्ठावीस वर्षांत एकदाही लाइनवर थांबला नाहीत?"

मी कान टवकारले. चौदा वर्षांच्या शेजारात हा प्रश्न मला सुचला नव्हता, याची लाज अजून वाटते.

"एकदा," त्या म्हणाल्या. "लांबून एका बाईचा फोन होता. नवरा ऑपरेशनला. वॉर्डात जोडून दिलं, तिथल्या माणसाने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांना शोधायला गेला. येईचना. बाई एकटीच हॅलो, हॅलो करत राहिली. खटका मागे घ्यायला बोट उचललं होतं मी. नाही घेतला. 'मी आहे,' म्हटलं. पंचवीस मिनिटं. ती काही बोलली नाही हो. मधूनमधून विचारायची, 'आहात ना?' मी म्हणायचे, 'आहे.'"

"मग?"

"मग डॉक्टर आले. मी खटका मागे घेतला. आणि मुख्य बाईंनी मला मेमो दिला."

मास्तरांनी त्यांच्या हाताशी बटण दाखवलं. "डॉक्टर अजून आलेले नाहीत," ते म्हणाले.

आक्कांनी बटण दाबलं. नख पांढरं पडेपर्यंत दाबलं. अंगठ्याने फेर मारला, बोट उठायला निघालं, पण बसून राहिलं. आणि त्या खोलीत पहिल्यांदाच त्यांच्या पेटीतून सूर आला, स्वच्छ, सावकाश विरत जाणारा. तो पूर्ण विरेपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही. "परत एकदा," कुणीतरी म्हणालं. दातांचा डॉक्टर होता.

उरलेले दोन शनिवार तीन बटणांत गेले. आईच्या गाण्याला तेवढी पुरत होती. मास्तरांनी त्या तीन जागा आक्कांकडून इतक्या घोटून घेतल्या, की भाजी निवडताना त्यांची बोटं टेबलावर त्याच क्रमाने पडायची. समोरच्या दारातून आता चाल ओळखू येत होती. माझी बायको ती गुणगुणायला लागली. तिचं पाठ झालं, आक्कांचं व्हायचं होतं.

रविवार उजाडला. बेकरीवरच्या खोल्या रिकाम्या, भिंतींवर तसबिरींचे चौकोन, खोकी दोरीने बांधलेली. भाचा घड्याळ आणि खिडकी आळीपाळीने बघत होता. खाली टॅक्सी येऊन थांबली होती. आक्का एका खोक्यावर बसल्या, पेटी छातीशी घेतली आणि वाजवायला सुरुवात केली.

धाकटी हातातली चादर घडी करायची थांबली. पहिली ओळ तिने खिडकीकडे तोंड करून म्हटली. दुसरी जरा बरी झाली. तिसरीला सूर वर चढला आणि गळा मध्येच फाटला. अकरा वर्षांत आवाज खाली उतरला होता. ती हसली, पण नीट हसू आलं नाही. "बघितलंस? गेला तो गळा. राहू दे आता, गाडी चुकेल."

आक्कांना बटणं येत होती तीनच आणि त्या तिन्हींचा सूर तिच्या आवाजाला उंच. पण आक्कांनी बटणांकडे पाहिलं, तिन्ही बोटं उचलली आणि जशीच्या तशी एक घर डावीकडे सरकवून बसवली. फेर मारला. तीच चाल, पण सगळी खालच्या पट्टीत.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी न राहवून विचारलं. कारण हे मास्तरांनी शेवटच्या शनिवारी दातांच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, कोपऱ्यात नेऊन, वरच्या पातळीचं म्हणून.

"मी ऐकत होते," आक्का म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "तू गा गं."

धाकटी गायली. आवाज जाडसर होता, मध्ये हवा होती, पण तिसऱ्या ओळीला तो चढला आणि तिथे टिकला. कारण खालून सूर हलत नव्हता. चौथ्या ओळीनंतर ती थांबली, डोळे पदराने खसाखसा पुसले आणि ओरडली, "ठेका चुकतेस तू! बादलीवर पण तिथेच चुकायचीस!"

"तूच घाई करतेस. परत म्हण."

खाली हॉर्न वाजला. भाच्याने बॅग उचलली. आक्कांनी बटणावरचं बोट न हलवता माझ्याकडे मान वळवली. "खाली जा आणि त्या टॅक्सीवाल्याला बोलण्यात गुंतव. एवढं एक काम तुला चांगलं येतं."

मी गेलो. टॅक्सीवाल्याच्या गावापासून सुरुवात केली आणि वीस मिनिटांत त्याच्या मेव्हण्याच्या फसलेल्या धंद्यापर्यंत पोचलो. वरून गाणं दोनदा झालं, मध्ये भांडण, मग तिसऱ्यांदा. बेकरीतून माणसं पाव हातात घेऊन बाहेर येत होती आणि जात नव्हती. टॅक्सीवाल्याने मेव्हण्याला अर्ध्यात सोडलं आणि इंजिन बंद केलं.

भाचा एकटाच जिना उतरून आला.

"गाडी चुकेल ना?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"दुपारी दुसरी आहे," भाचा म्हणाला. त्याने बॅग फुटपाथवर ठेवली, तिच्यावर बसला आणि वर खिडकीकडे बघत राहिला.