मध्यस्थाला शपथ नसते

सभ्य स्त्रीपुरुषहो, कृपया बसून घ्या. ही बाब उभ्यानं ऐकण्यासारखी नाही. एका मध्यस्थाचं अत्यंत गंभीर निवेदन होणार आहे — मध्यस्थ म्हणजे मीच. आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला तर मी शेजाऱ्यांच्या भानगडीही सांगतो.

कऱ्हाटीची कुसुम माझी चुलत बहीण. नव्वदच्या सुमारास तिचं लग्न अंथुर्ण्यात मीच जमवलं. सोयरिकी जमवणं हा माझा छंद — फेटा बांधायचा, दोन्हीकडं जेवायचं, दोन्हीकडं हसवायचं. तीन वर्षांनी ती माहेरी परत आली. नवऱ्याचं इंदापुरात एका बाईबरोबर दुसरं घर होतं. तिचं म्हणणं, बारामतीचा वकील गाठू, कोर्टातच सोडचिठ्ठी घेऊ, होऊ दे सगळं उघड.

मी समजावलं. कोर्ट म्हणजे तारखा, चारचौघांत बेअब्रू — त्यापेक्षा घरात बैठक घेऊ, मी मध्यस्थ होतो. केवढा मोठेपणा, नाही?

पण कोर्टात साक्षीला पहिलं कुणाला बोलावलं असतं? लग्न जमवणाऱ्याला. आणि शपथेवर विचारलं असतं — तुम्हाला माहीत होतं का?

होतं. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी मुलाच्या वडिलांनी, आबांनी, गोठ्यामागं नेऊन सांगितलं होतं. लग्नानंतर सुटंल ते, म्हणाले. आणि मी — स्थळ जमवलं म्हणून गावभर मिरवून झालं होतं माझं — मान डोलावली.

बैठकीत मध्यस्थ सगळ्यांना विचारतो. मध्यस्थाला कुणी विचारत नाही. सतरंजीवर मधोमध बसून मी विनोद केले, चहा फिरवला. समोर आबा. ते माझ्याकडं बघत, मी त्यांच्याकडं — एकानं तोंड उघडलं की दुसराही संपला. उठून जावं तर उठता येईना. आबांची अट एकच: दुसऱ्या घराचं नाव कागदावर नको. मग मीच स्टॅम्पपेपरवर लिहिलं, ‘कुसुम स्वखुशीने नांदण्यास नकार देत आहे.’ स्वखुशीने — हा शब्द मला कुणी सुचवला नव्हता. सही केलीस की आजच मोकळी, असंही तिला मीच सांगितलं.

अजून कऱ्हाटीत तिची ओळख ‘नांदली न्हाय ती’ अशीच आहे.

त्या दिवशी सही करून तिनं पेन माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांदेखत बोलून गेली, “बरं झालं दादा, कोर्टात न्हाय गेलो. तितं माझ्यासाठी खरं बोलणारं कोण हुतं?”