कारकुनाचा गैरसमज

पेन्सिलीच्या टोकानं त्यानं तो कागद माझ्याकडे ढकलला. बोटानं नाही. पेन्सिलीच्या टोकानं. कागदावरची माझी शाई अजून ओली होती.

“ह्यांच्या हातच्या जबानीवर मी सही करणार नाही,” तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही. माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघून.

आणि त्या जबानीची शेवटची ओळ काय होती? त्यानंच सांगितलेली, मीच लिहिलेली. “आम्ही सर्व मराठी माणसे एक आहोत, आमच्यात भेदभाव नाही.”

मी थोडं वाढवून सांगणारा माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. आमच्या परळच्या चाळीत माझी ख्यातीच आहे. नळावरचं साधं भांडण मी सांगायला घेतलं तर त्यात दोन हत्ती आणि एक उंट येतो. पण वर अवतरणात घातलेली वाक्यं वाढवलेली नाहीत. पुढंही अवतरणात जे येईल ते जसं बोललं गेलं तसंच आहे. मला पगारच त्याचा मिळत होता.

गिरगावातल्या एका कॉलेजात मी शिस्त समितीचा कारकून होतो. तात्पुरता. संस्था मराठी माणसांची. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, आज इथं सभा, उद्या तिथं मोर्चा. तेव्हा संस्थेच्या मंडळींनाही अभिमान चढला आणि त्यांनी ठरवलं, बाकी कारभार इंग्रजीत चालू द्या, पण पोरांच्या भांडणांचं इतिवृत्त मराठीतच लिहायचं. भांडण मायबोलीत शोभतं, असा विचार असेल. मग सुवाच्य मराठी लिहिणारा हवा झाला. आणि माझं अक्षर म्हणजे छापखान्यानं लाजून टाळं लावावं असं. म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर माझी पाटी पुसायला तयार नसत. एकच पाटी आठवडाभर वर्गात फिरायची. बरं, आठवडाभर नाही. दुपारपर्यंत.

पोरं भांडायची कशावरून? पंख्याखालच्या बाकावरून. निवडणुकीवरून. कुणाच्या तरी बहिणीकडे बघितल्यावरून. प्रकरण समितीपुढं जायच्या आधी मी दोघांना जिन्याखालच्या बाकावर बसवायचो. मध्ये मी. चहा सांगायचो नाही. घसा कोरडा पडला की माणूस लवकर समेटावर येतो. दोघांना आधी पोटभर शिव्या देऊ द्यायच्या, मग विचारायचं, “आता खरं काय झालं ते सांगा.” पुष्कळदा तिथंच मिटायचं. नाही मिटलं तर समिती. समितीपुढं समेट झाला की टेबलावरून हात मिळवायचे, ही रीत मीच पाडली. साहेबांना इतकी आवडली की ती त्यांचीच असल्यासारखी ते पाहुण्यांना सांगायचे.

साहेब म्हणजे उपप्राचार्य. समितीचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी तर्कशास्त्राचे प्राध्यापक. कचेरीत हेडक्लार्क अण्णा, मूळचे मालवणकडचे, सज्जन आणि भित्रे. साहेब अण्णांना “तुम्ही” म्हणायचे. मला “तू”.

आमच्या इतिवृत्तात शेवट दोनच प्रकारचे असत. एक, “विद्यार्थ्यास समज देण्यात आली.” म्हणजे पुन्हा करू नकोस, जा घरी. दुसरा, “विद्यार्थ्याचे नाव कमी करण्यात आले.” म्हणजे जा घरी, परत येऊ नकोस. कुणाला कुठला शेवट, हे मला दार उघडतानाच कळायचं. एका सॉलिसिटरच्या पोरानं दुसऱ्याचा दात पाडला. बाप मोटारीतून आला. समज. लालबागच्या एका पोरानं प्रयोगशाळेत काचेची नळी फोडली आणि रागावल्यावर उलट बोलला. बाप गिरणीतली पाळी संपवून तसाच आला, केसांत कापूस. नाव कमी. दोन्ही वाक्यं मी लिहिली. सारख्याच वळणाची. त्या लालबागच्या बापानं पान बघून मला विचारलं होतं, “साहेब, अक्षर तुमचं का? छान आहे.” त्याला वाचता येत नव्हतं.

मी “हो” म्हणालो होतो. खूशही झालो होतो.

आता ह्या पेन्सिलवाल्याकडे येतो. पोरं त्याला पुढारी म्हणत, मीही तेच म्हणतो. हरताळाच्या दिवशी ह्यानं कॉलेजच्या फाटकाला घरून आणलेलं कुलूप लावलं आणि आत जाणाऱ्या एका मुलाला ढकललं. मुलाच्या कपाळाला खोक पडली. जबानी घ्यायची होती.

खरं सांगतो, मी मनातून पुढाऱ्याच्या बाजूचा होतो. मुंबई आपली, ह्यात मला शंका नव्हती. आमची अख्खी चाळ मोर्च्याला जायची. परळच्या सभेत ह्याच पुढाऱ्यानं घोषणा देताना माझ्या खांद्यावर हात टाकला होता. घसा फाटेस्तोवर आम्ही दोघं ओरडलो. गर्दीत कुणी आडनाव विचारत नाही. कचेरीत त्यानं मला ओळखलं नाही. मी ओळखलं. म्हणून त्याची जबानी मी जरा जास्तच मन लावून लिहीत होतो. त्याची वाक्यं अडखळत होती, मी ती नीट बसवून देत होतो.

लिहून झाल्यावर तो वाकून बघायला लागला. “अक्षर सुंदर आहे हो तुमचं. आडनाव काय?”

मी सांगितलं.

“राहता कुठं?”

मी चाळ सांगितली.

आम्ही बौद्ध झालो त्याला वर्षही झालं नव्हतं. चाळीत अजून त्याचा आनंद ओसरला नव्हता. मला वाटलं, आता हा परळच्या सभेची गोष्ट काढणार. मी हसून तयार होतो. तोंडावरचं ते हसू आवरायलाही वेळ मिळाला नाही. पेन्सिल आली.

साहेब समोरच होते. त्यांनी ऐकलं. माझी खात्री होती की आता साहेब टेबलावर हात आपटणार. साहेब म्हणाले, “बरं, वेळ नको घालवायला. अण्णा, तुम्ही तेवढी उतरवून काढा.”

अण्णांनी उतरवून काढली. शब्दन् शब्द. “आमच्यात भेदभाव नाही” हे वाक्य माझ्या हातून काढून अण्णांच्या हातात शुद्ध करून घेतलं. पुढाऱ्यानं खाली झोकदार सही ठोकली. माझा कागद टेबलावर तसाच राहिला. मी घडी करून खिशात घातला.

नियमाप्रमाणे विद्यार्थ्याविरुद्ध कुणीही तक्रार करू शकतो. शिक्षक, शिपाई, कारकून. मी तक्रार केली. एका वाक्याची. जे बोलला ते.

सुनावणी झाली. फिर्यादी मी, आणि इतिवृत्त लिहिणाराही मीच, कारण दुसरा कुणी मोकळा नव्हता. फिर्यादीनं उभं राहायचं, कारकुनानं बसायचं. तेव्हा मी उभा राहून तक्रार सांगायचो, बसून ती लिहून घ्यायचो, परत उभा. असं दोनशे वेळा तरी झालं असेल. शेवटी तर्कशास्त्राचे सर म्हणाले, “एक काहीतरी कर रे.”

मग त्यांनी तर्क सुरू केला. “हात ह्या शब्दाचे अर्थ अनेक. हातचं म्हणजे हस्ताक्षरही होतं. हस्ताक्षर नापसंत असणं हा काही गुन्हा नव्हे.”

“सर, अक्षर सुंदर आहे असं तोच म्हणाला.”

“मग प्रश्नच मिटला. त्यानं तुझी स्तुती केली.”

मी खाली बसून तेही कच्च्या कागदावर टिपलं.

पुढारी उठला. ह्या वेळी पंख्याकडे नाही, साहेबांकडे बघत. “माझा हेतू वाईट नव्हता. घरी ह्यांच्या हातचं पाणी चालत नाही, ती सवय तोंडातून गेली. मी तर सगळ्यांना भाऊ मानतो.”

साहेबांनी समाधानानं मान हलवली. “झालं तर. हात मिळवा.”

मी टेबलावरून हात पुढं केला. माझीच रीत. पुढाऱ्यानं दोन्ही तळवे जोडले आणि लांबून छानसा नमस्कार केला. माझा हात टेबलाच्या मधोमध. किती वेळ? मी म्हणेन, त्या वेळात मुंबईचा निकाल लागून गेला असता.

“नमस्कार ही तर आपली संस्कृती,” साहेब म्हणाले. “लिही. विद्यार्थ्यास समज देण्यात आली. कारकुनाचा गैरसमज दूर करण्यात आला. उभयपक्षी समेट झाला.”

मी पहिलं वाक्य इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं. दुसऱ्यावर पेन थांबलं.

मला वाटलं होतं, अपमान पेन्सिलीच्या टोकावर होता. तो नव्हता. तो इथं होता. त्याला समज, मला गैरसमज. तो चुकलाच नाही, मीच वेडेपणानं काहीतरी ऐकलं. आणि हे लिहायचं मी. पुढं कुणी वही उघडली की माझंच अक्षर माझ्याविरुद्ध साक्ष देणार.

“आज जमणार नाही साहेब,” मी म्हणालो.

“उद्या सकाळी लिहून आण. तुला कायम करायचा कागद माझ्याकडे आहे. दोन्हींवर एकदमच सही करू.”

घरी आईला सांगितलं. ती गिरणीत वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. कान जरा गेलेले, म्हणून तिच्याशी ओरडून बोलावं लागतं, म्हणजे अख्ख्या मजल्याला कळतं.

“काय लिवायला सांगत्यात, वाच बघू.”

मी वाक्य म्हणून दाखवलं. ती पीठ मळत होती.

“म्हंजे तो बराबर आन् तू येडा.”

“हो.”

“असंच लिवायचं?”

“असंच.”

“आन् अक्षर तुझं.” तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला. “नोकरी जाईल का रं?”

“जाईल.”

“जाऊ दे म्हणनार न्हाय मी. घरात चार तोंडं हायेत.” मग तिनं तवा चढवला. भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, “आधी कुनाला लिवून दिलंस का रं असलं?”

नळावरच्या भांडणात मला हत्ती दिसतात. आता लालबागचा बाप दिसत होता. त्याच्या केसांतला कापूस दिसत होता. मी त्याच्या पोराला बाहेर काढणारं वाक्य वेलांटी वळवून वळवून लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. वही उघडली. “विद्यार्थ्यास समज देण्यात आली” ह्याच्या खाली सुनावणीत जो जे बोलला ते लिहिलं. ह्यांच्या हातच्या जबानीवर मी सही करणार नाही. हस्ताक्षर नापसंत असणं हा काही गुन्हा नव्हे. घरी ह्यांच्या हातचं पाणी चालत नाही. नमस्कार ही तर आपली संस्कृती. शेवटी लिहिलं, “कारकुनाने हात पुढे केला. विद्यार्थ्याने तो घेतला नाही. समेट झाला नाही.”

आयुष्यातलं माझं सर्वांत चांगलं अक्षर ते.

साहेबांनी वाचलं. कान लाल. “हे खोड.”

“इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही, साहेब. तुमचाच नियम.”

“मग पान फाड.”

“पानांना नंबर आहेत.”

“मी सही करणार नाही ह्यावर.”

“माझ्या हातच्या कागदावर सही न करणारे तुम्ही दुसरे,” मी म्हणालो.

अण्णांनी बाहेर मला कोपऱ्यात ओढलं. “अरे मेल्या, एक ओळ ती काय. लिव नि कायम हो. मगे काय भांडाचा तां भांड.”

“अण्णा, मी लिहिलेली जबानी तुम्ही उतरवून काढलीत तेव्हा एकदाही मान वर केली नाहीत. मी बघितलं.”

“माका पोरा आसत रे.”

“त्या लालबागवाल्यालाही होतं.”

अण्णा आत गेले. मला बोलावणं आलं. साहेब उभे होते. “तुझं काम संपलं. उद्यापासून येऊ नकोस.”

“लेखी द्या, साहेब. कारण घालून द्या.”

“तात्पुरत्या माणसाला कारण द्यावं लागत नाही.”

“मला लागतं.”

साहेबांनी पेन उचललं. खरोखर उचललं. टोपण काढलं. आणि थांबले. काय लिहिणार? उद्धट वागला? काय बोलला, असं कुणी विचारलं तर वही दाखवावी लागणार. काम नीट करत नाही? त्याच वहीची पानं समोर होती. पेन तसंच धरून ते माझ्याकडे बघत राहिले, आणि पहिल्यांदाच असं झालं की त्या खोलीत शब्द मला सुचत होते आणि त्यांना नाही.

त्यांनी टोपण लावलं. मला जायची खूण केली. मी कचेरीच्या दाराबाहेर येऊन उभा राहिलो.

इथं मला न्याय मिळाला असं सांगता आलं असतं. वाढवून सांगायची सवय तर आहेच. नाही मिळाला. माझ्या टेबलावर दुसरा कारकून बसला. अक्षर भिकार, पण “गैरसमज” हा शब्द त्याला झरझर लिहिता येत होता. पुढारी रोज घोषणा देत माझ्यासमोरून जातो. घोषणा बरोबरच आहे. मुंबई मिळायलाच हवी. पण मिळाल्यावर तिच्यात माझा हात कुठं ठेवायचा, हे त्याला एकदा मोठ्यानं, आडनाव सांगून, विचारायचं आहे.

मी रोज साडेदहाला येतो. दारात उभा राहतो. शिपायानं हटवलं तर पायरीवर, पायरीवरून हटवलं तर फाटकावर. मला कायम करू नका. माझी समजूत काढू नका. मला का काढलं ते लिहा, तुमच्या स्वतःच्या हातानं लिहा, खाली सही करा. तो कागद मिळेपर्यंत मी जाणार नाही. आणि मिळाला की गिरगावपासून लालबागपर्यंत जी भिंत दिसेल तिच्यावर तो शब्दन् शब्द उतरवून काढीन. माझ्या अक्षरात.