गच्चीवर पहुडलेला फिटर

वटार गावातल्या आमच्या घरावर सोलर बसवायचं होतं. पॅनेलचा स्टँड उंच घ्यावा की गच्चीला टेकलेला बुटका, हे ठरवायला एक फिटर आला. समुद्राच्या वाऱ्याच्या धास्तीने मी बुटकाच मागितला. तो चपला काढून गच्चीवर चक्क उताणा पडला. डोळे मिटून कितीतरी वेळ वाडीतल्या माडांची सळसळ ऐकत राहिला. मग तसाच पडून म्हणाला, "इथं संध्याकाळी कोन बसतं?"

"आई बसायची. बाबा गेल्यापासून वर येत नाही."

"मग उंचच करू, भाऊ. पाय पक्के रोवतो, वाऱ्याचं मी बघतो. जागा ठेवली की मानूस येतो."

काम आटोपून तो गेला. पुढे एका दुपारी आई आपणहून जिना चढली. पॅनेलखालच्या निळसर सावलीत बसली, आणि दिवेलागण झाली तरी खाली यायला तयार होईना.