हत्यारं माझी आहेत

भंगारवाली म्हणायचे मला आमच्या बिल्डिंगमध्ये. तोंडावर नाही, जिन्यात वळण घेतलं की. म्हणू देत. मी कुणाच्या घरी भांडी मागायला गेले नव्हते.

तेव्हा आम्ही चारकोपला नवीन राहायला आलो होतो. सेक्टरमध्ये काही बैठी, काही चार मजली घरं, रस्त्यांना अजून डांबर नव्हतं, पायाला सगळी खाडीकडची माती लागायची. आमची दोन खोल्यांची जागा तळमजल्यावर, जिन्याला लागून. नवरा कांदिवलीला औषधांच्या कंपनीत. मी घरी शिवणकाम करायचे, आणि उरलेल्या वेळात जुन्या लोखंडी हत्यारपेट्या जमवायचे.

का, असं लोक विचारायचे. आता काय सांगणार? एखादीला साड्या आवडतात, मला पेट्या आवडायच्या. जाड पत्र्याची, लांबलचक, वरून दोन बाजूंना उघडली की आतले कप्पे पायऱ्यांसारखे बाहेर येतात ती. ड्रायव्हर लोक सीटखाली ठेवतात ती चपटी. तारखात्याच्या माणसांकडे असायची ती चामडी पट्ट्याची. त्या काळात गिरण्या बंद पडत होत्या, गॅरेजवाले नवीन सामान घेत होते, आणि असल्या पेट्या भंगारात वजनावर जायच्या. मालाडच्या बाजारामागे एक भंगारवाला होता, दुसरा दहिसरला नाक्यापाशी, जिथे ट्रक थांबतात. दोघंही मला बघितलं की आधी हसायचे. मग हळूहळू हसायचे बंद झाले आणि माझ्यासाठी पेट्या बाजूला काढून ठेवायला लागले.

घरी आणली की पेटी दोन दिवस रॉकेलने ओली ठेवायची. मग तारेचा ब्रश, मग काचपेपर. गंज जिथे हट्टाला पेटलेला असेल तिथे चिंच आणि मीठ. पोचे काढायला माझ्याकडे कपडे धुवायचं धोपाटणं होतं. बाहेरून वाळूची पिशवी लावायची आणि आतून धोपाटण्याने हलक्या हाताने ठोकत राहायचं, घाई केली की पत्रा ताणतो आणि मग बसतच नाही. बिजागऱ्यांना शिलाई मशीनचं तेल. रंग मी कधी लावला नाही. नवरा म्हणायचा, "अगं, एक लाल हात मार, झकास दिसेल." मी म्हणायचे, "तुम्ही केसांना कलप लावा आधी." मूळ मालकाने झाकणावर पंच मारून ठोकलेली खूण असायची, कुठे अक्षर, कुठे नुसता चांदणीसारखा ठिपका. ती बुजवायचा मला काय अधिकार?

पेट्या रिकाम्याही नसायच्या. कशात एखादी कानस, कशात पक्कड, कशात दांडा नसलेला हातोडा. तेही घासून-पुसून मी त्या त्या पेटीत परत ठेवायचे.

खरं सांगायचं तर मला फिटर व्हायचं होतं. मॅट्रिक झाल्यावर आयटीआयला जायचं म्हणून मी घरात तीन दिवस जेवले नव्हते. तेव्हा आमचं घर लालबागला, खोलीत थोरल्या काकांचा शब्द चालायचा. काका म्हणाले, "पोरगी हातात हातोडा घेऊन फिरणार? लग्न कोण करणार हिच्याशी?" माझे बाबा स्वतः गिरणीत फिटर. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. ते गॅलरीत उभे राहून विडी ओढत राहिले. मला शिवणाच्या क्लासला घातलं. ते मी विसरले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

गिरणी बंद पडली, आई गेली, भावाच्या घरात जागा नव्हती, तेव्हा बाबा आमच्याकडे राहायला आले. एक कापडी पिशवी घेऊन. जिन्याखालच्या माझ्या पेट्या त्यांनी पहिल्या दिवशी पाहिल्या, जरा थांबले, आणि आत गेले. चांगलं नाही, वाईट नाही. जावयाने कौतुकाने सांगितलं, "सगळं हीच करते हां बाबा." तरी गप्प. बाबा जन्मभर तसेच. गावचं मालवणी बोलणं, तेही मोजकं.

जिन्याखालची ती जागा हा खरा भांडणाचा मुद्दा होता. आमच्या दोन खोल्यांत माणसंच कशीबशी मावत होती. पेट्या ठेवायच्या तर जिन्याखालीच. पण आमचे सेक्रेटरी, एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, त्यांना ते कचऱ्यासारखं दिसायचं. "वहिनी, ही सामाईक जागा आहे." "मग तुमची मोडकी सायकल तिथे काय करते?" "ती सायकल आहे." "आणि ह्या पेट्या आहेत." असं आमचं महिन्यातून एकदा व्हायचंच. त्या वर्षी दिवाळीआधी बिल्डिंगला चुना मारायचा ठरला आणि सेक्रेटरींनी शेवटचं सांगितलं, दसऱ्याच्या आत जागा मोकळी करा, नाहीतर मी हातगाडी बोलावून सगळं भंगारात घालीन. मी म्हटलं, हात लावून बघा. दुसरी जागा मला कुठे मिळणार होती? भंगारात गेलं की पत्रा वितळतो. मग ना खूण, ना पेटी.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. लालबागला असताना बाबा गिरणीत आपल्या हत्यारांना झेंडू घालून यायचे, वर्षानुवर्षं. मी ठरवलं, ह्या वर्षी माझ्या पेट्यांची पूजा जिन्याखालीच, साग्रसंगीत. सकाळी तयारी करताना बाबा हळूच म्हणाले, "पूजा जावयाक करूंदे. बायलमाणसान हत्याराक पूजूचा नसता."

मी म्हटलं, "हत्यारं माझी, पूजा मी करणार."

ते दाराशी जाऊन उभे राहिले.

मी जिन्याखाली सडा-रांगोळी केली, पाट मांडले आणि तेल लावायला घरात नेलेल्या हत्यारांसाठी नवऱ्याला ओरडून सांगितलं, "अहो, सगळी हत्यारं बाहेर काढा! आज एकही आत राहता कामा नये!" माझा आवाज आधीच मोठा, त्यात जिना मोकळा. आवाज वर चौथ्या मजल्यापर्यंत गेला असणार. मी एवढंच म्हटलं होतं. गिरणगावात वाढलेल्या माणसाला विचारा, कानस काय, पाना काय, हातोडी काय, सगळं हत्यारच. अवजार म्हणजे शेतकऱ्याचं. पण सेक्रेटरींना ते कुठून माहीत? की माहीत असून नसल्यासारखं केलं? ते अजून मला कळलेलं नाही. तासाभराने ते पोलीस चौकीतून एक हवालदार घेऊन आले, आणि मागोमाग गेटवर हातगाडीही उभी.

हवालदार घामाघूम झालेला. पट्टा वर ओढत म्हणाला, "कुणाकडे आहेत हत्यारं? तक्रार आलीय. बऱ्या बोलाने काढा."

"काढलेलीच आहेत की," मी म्हटलं. "बघा."

पाटावर ओळीने पेट्या उघडून ठेवलेल्या. कप्पे बाहेर आलेले. कानशी, पकडी, हातोड्या, पाने, सगळं तेल लावून चकचकीत. हवालदाराने खाली वाकून पाहिलं. मग सेक्रेटरींकडे पाहिलं.

"साहेब, ही हत्यारं?"

"मगे काय शिवणाच्यो सुयो?" दारात उभे असलेले बाबा म्हणाले.

हवालदाराला हसू आवरेना. वरच्या मजल्यांवरून डोकावणाऱ्या बायकाही हसायला लागल्या. तो म्हणाला, "अहो, आमच्या चौकीत पण आज पूजा आहे. तिथला नारळ मला फोडायचाय आणि तुम्ही मला पक्कड पकडायला आणलंत!" मग सवयीने त्याने विचारलं, "कुणाची आहेत ही?"

"माझी," नवरा पटकन म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, बायकोला पोलिसाने काही विचारायला नको.

"खोटं बोलतायत ते," मी म्हटलं. "माझी आहेत."

"बाईची हत्यारं?" हवालदार.

"हो. बाईची."

सेक्रेटरींची वाट लागली होती, पण माणूस मागे हटेना. तो म्हणाला, "ते जाऊ दे, हवालदार. पण ही जागा सोसायटीची आहे, हिने ती अडवलीय, हे तुमच्यासमोर सांगतो. गाडी आलीय. आत्ताच्या आत्ता हे सगळं उचललं जाईल." आणि त्याने गाडीवाल्याला हाक मारली. हवालदार म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघा," आणि नियमाने त्याचं बरोबरच होतं. भांडायला माझ्याकडे शब्द पुष्कळ होते, पण जागा खरंच माझी नव्हती.

तेवढ्यात बाबा पुढे आले. चपला बाहेर काढून जिन्याखाली वाकले आणि कुंकवाची कोयरी माझ्या हातात दिली.

"पूज गो," ते म्हणाले. "बेगीन पूज."

मला आधी कळलंच नाही. मग लख्ख कळलं. पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत जागचं हलवत नाहीत. त्याला कुणी हात लावत नाही, मालकसुद्धा नाही. मी खाली बसले आणि पटापट कुंकू लावत सुटले, हळद, अक्षता, झेंडू, मंत्र कसला, तोंडाला येईल ते. बाबा फुलं पुढे करत होते. नवऱ्याने उदबत्ती लावली. शेवटच्या पेटीवर फूल ठेवलं आणि हवालदाराने टोपी काढून हात जोडले.

"झालं," तो म्हणाला. "आता आज कोण हात लावील ह्यांना? मी तर नाही सांगणार, यार. माझी नोकरी पण हत्यारावरच चालते." आणि तो निघून गेला.

सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे. परवा. दसरा झाला की परवा उचला."

बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, पेट्यांच्या समोर, वाट अडवून.

"परवाव नाय," ते म्हणाले. "माजी पेटी गिरणीच्या गेटाआत रवली. भायर काढूक दिल्यांनी नाय. तेव्हा मी गप रवलंय. आता रवचंय नाय. ह्यां उचलूचा आसात तर आदी माका उचला."

ही पेटीची गोष्ट आम्ही सगळे पहिल्यांदाच ऐकत होतो. आम्हाला वाटायचं, त्यांनी ती कधीच विकून टाकली असेल. मला त्यांची दया यायला हवी होती. आलीही. पण त्याहून जास्त मला संताप आला. म्हणजे ह्या माणसाला बोलता येत होतं!

"आणि मला आयटीआयला जायचं होतं तेव्हा?" सगळ्यांच्या देखत मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नजर चुकवली नाही.

"तेव्हाव गप रवलंय," ते म्हणाले.

बाकी काही नाही. सबब नाही, काकांचं नाव नाही, तेव्हाचे दिवसच तसे होते असंही नाही. शेवटी सेक्रेटरी गाडीवाल्याला म्हणाले, जा रे तू. गाडी खडखडत रिकामी निघून गेली.

बाबा पायरीवरून हलले नाहीत. मी उभीच होते, हाताला कुंकू, डोळ्यांत पाणी, आणि राग अजून तसाच.

"सरका जरा," मी म्हटलं.

ते भिंतीकडे सरकले. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.