न ओरडलेली कामं

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले फाइलवाले बावीस वर्षं एका विमा कचेरीचं रेकॉर्ड सांभाळत होते. कचेरीतल्या त्यांच्या खोलीत दोन फळ्या होत्या. साहेब ओरडून सांगत ते काम डाव्या फळीवर, न ओरडता सांगत ते उजव्या. डावी रोज संध्याकाळी रिकामी होई. उजवीला हात लागत नसे, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

एक एप्रिलला कचेरी नव्या मालकांनी घेतली. तीन महिने काम बघून मगच माणसं कायम करणार, असं ठरलं आणि साहेबांच्या जागी एक बाई आल्या. बाई इंग्रजीतच बोलत आणि कधीच ओरडत नसत. दोन महिन्यांत उजव्या फळीवरचा ढीग छताला टेकला. मग पत्र आलं : सांगितलेल्या चाळीस कामांपैकी एकही झालेलं नाही, सुधारणा नसल्यास जूनअखेर नोकरी संपेल.

ते पत्र घेऊन फाइलवाले माझ्याकडे आले.

"काकू, त्यांनी सांगितलंच कुठे? 'कुड यू पॉसिबली' म्हणाल्या, 'व्हेन यू हॅव अ मोमेंट' म्हणाल्या. मला वाटलं, बाईंना घाई नाही."

"मी असं गोड बोलले असते तर घरात भाजीसुद्धा आली नसती," त्यांची बायको दारातून म्हणाली.

"तू एकदा बोलून तर बघ."

मी माझी नववीतली डायरी काढली. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर हुकूम कधीच सोडत नसत. "पर्हॅप्स यू वुड लाइक टु स्टँड आउटसाइड," एवढंच म्हणत. त्या वर्षी मी अकरा वेळा बाहेर उभी राहिले. एकदाही मला तशी हौस नव्हती. अकराही तारखा त्यांना वाचून दाखवल्या.

"म्हणजे आवाज खाली, तर काम वर?"

"आणि वाक्य जितकं लांब, तितकी घाई जास्त."

दुसऱ्या दिवसापासून ते उजवीकडून सुरुवात करू लागले. नऊ दिवसांत ढीग उतरला. खिडकी उघडली तर फार बरं होईल, असं बाई एकदा म्हणाल्या. फाइलवाल्यांनी मजल्यावरच्या सगळ्या उघडल्या.

तीस जूनला बाईंनी त्यांना आत बोलावलं. त्या दुपारी बायको तीनदा माझ्याकडे घड्याळ बघायला आली. तिच्या घरातलं घड्याळ चालू होतं.

सहाला फाइलवाले आले.

"राहायला सांगितलंय. कायम."

"सांगितलं की विचारलं?" मी म्हटलं.

"'वुड यू बाय एनी चान्स लाइक टु स्टे ऑन विथ अस,' असं म्हणाल्या." त्यांनी कपाळ पुसलं. "एवढं लांब वाक्य, काकू. नाही म्हणायची सोयच नव्हती."