रंगाऱ्याच्या शेडमधली शांती

कार्थेजच्या बंदराशी रंगाऱ्यांची आळी होती. तिथल्या बिरिक्त नावाच्या बाईची अख्ख्या गावात जरब होती. सरहद्दीवर शत्रू चालून आला तेव्हा सम्राटाने हुकूम काढला, की राज्य वाचवायचं तर प्रत्येकाने देवांपुढे धूप घालावा. ख्रिस्ताची मंडळी कचरली. पुष्कळांनी मान खाली घालून चिमूटभर धूप टाकला. बिरिक्तने नाही टाकला. शेजारच्या रोगाटसने तिचं नाव सांगितलं आणि शिपायांनी तिला नेलं.

तिचा धाकटा भाऊ मुत्तुन त्याच दिवशी धूप टाकून आला. बायको बाळंतपणात गेलेली, पदरी दोन लहान मुली. तो तुरुंगात पाण्याचा तांब्या घेऊन गेला. तहानेने बिरिक्तची जीभ टाळूला चिकटली होती, तरी तिने ते पाणी त्याच्यादेखत ओतून दिलं.

पुढे तो सम्राट लढाईत पडला, हुकूम थंडावला आणि ती सुटली. मंडळीत आता तिच्या शब्दाला वजन आलं. धूप टाकलेल्यांना आत घेत नसत, म्हणून मुत्तुन प्रार्थनेच्या वेळी दाराबाहेर बसायचा. ती त्याच्या शेजारून पदर सावरून आत जायची.

मग साथ आली. माणसं उलट्या करत, डोळे लाल होऊन मरू लागली. रोगाटसला त्याच्या पोरांनीच रस्त्यावर आणून टाकलं. मुत्तुनने मुलींना आजोळी धाडलं, रोगाटसला खांद्यावर घेतलं आणि आपल्या रंगाच्या शेडमध्ये निजवलं. म्हातारा गेला, आणि मुत्तुनने अंथरूण धरलं.

मंडळीचे वडील इयादेर बिरिक्तच्या दारी आले.

"भाऊ जातोय तुझा," ते म्हणाले. "तू शब्द टाकलास तर मी त्याला शांती देतो, क्षमा करून मंडळीत परत घेतो."

"आणि नाही टाकला तर?"

"तर तसाच जाईल. मग देवाला काय सांगायचं ते तुझं तू बघ."

बिरिक्तने दाराची कडी ओढून घेतली. मग म्हणाली, "प्रभूची भाकर द्या. मीच नेते."

शेडच्या दाराशी येताच तिने नाकाला पदर लावला. आतून मुत्तुनचा आवाज आला, "ताई, आत नको येऊस."

"गप पड." ती आत शिरली. "रोगाटसला कशाला आणलंस रे? त्यानेच मला पकडून दिलं ना?"

"त्याने तुला पकडून दिलं, मी देवाला. मी कुठल्या तोंडाने त्याला टाकू?"

 तिने भाकरीचा तुकडा भिजवून त्याच्या ओठांत घातला. तो गिळला जातो की नाही, हे बघत ती श्वास रोखून बसली. त्याने गिळला.

तो मरेल असंच सगळे धरून चालले होते. पण तो वाचला, फक्त एक पाय कायमचा लुळा झाला. लगेच मंडळीत कुजबुज सुरू झाली, की मरणाऱ्याला दिलेली शांती जगणाऱ्याकडून परत घ्या. इयादेर म्हणाले, "जगला हा गुन्हा झाला काय?" तरी काहीजण रागावून वेगळ्या मंडळीत गेलेच.

काही वर्षांनी दुसऱ्या सम्राटाचा तसाच हुकूम आला. शिपाई आळीच्या टोकाला दिसले तेव्हा बिरिक्त उठली. मुत्तुनने तिचा दंड धरला.

"या वेळी तू नाही. पोरींना घे आणि मागच्या वाटेने डोंगरात जा."

"मी पळू? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला आजवर थोडं का म्हणाले?"

ती दोन्ही मुलींचे हात धरून निघाली. मागे शिपायाने काहीतरी विचारलं आणि मुत्तुनचं स्पष्ट "नाही" तिच्या कानावर आलं. ती थांबली नाही.

त्याला खाणीत सक्तमजुरीला पाठवलं. लुळ्या पायाचा माणूस तिथे किती टिकणार? दुसरा हिवाळा त्याने पाहिला नाही. डोंगरातल्या बायका बिरिक्तला तिच्या तुरुंगाच्या गोष्टी विचारायच्या. ती म्हणायची, "माझं राहू द्या. मला मागे पोरंबाळं नव्हती." आणि मग भावाबद्दल बोलू लागायची.